सूनबाईचे बीपी, मागचे सिझर आणि पावसाळ्यातले बाळंतपण

पाटण तालुक्यातील डोंगराकडच्या एका गावातून एका सासूबाईंचे पत्र आले आहे. त्यांच्या सूनबाईंना ३१ आठवडे पूर्ण झाले असून ५ सप्टेंबर ही तारीख दिलेली आहे. चार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात, माहेरी जत तालुक्यात, कळा सुरू असताना बाळाने पोटात शी केली म्हणून सिझर झाले. या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी १४६/९४ भरले, दुसऱ्या दिवशी पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात १४४/९२ भरले आणि लघवीत प्रथिने ‘एक अधिक’ आली. लॅबेटालॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. चार दिवसांनी बीपी १३० वर आले म्हणून घरच्यांनी त्या बंद केल्या आणि जेवणातले मीठही तोडले. त्या विचारतात : बीपी वाढले तर आठव्या महिन्यात बाळ काढावे लागेल असे डॉक्टर म्हणतात, पण आठव्यातले मूल जगत नाही ना? एकदा सिझर झाल्यावर नॉर्मल होते का, की दवाखाने पैशासाठी नाही म्हणतात? सासऱ्यांची बीपीची गोळी घरात आहे, ती चालेल का? माहेरचे न्यायला येणार आहेत, पाठवावे का? पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत : “मागच्या वेळी टेबलावर नेईपर्यंत मला कोणी काही सांगितले नाही. या वेळी मी काय विचारू?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात तातडीचा भाग तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलाच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. सूनबाईंच्या गोळ्या बंद आहेत. हे उत्तर वाचाल त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेऊन बीपी मोजून घ्या, बंद केलेल्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि ते सांगतील त्या मात्रेत त्या पुन्हा सुरू करा. बीपी १३० वर आले ते गोळीमुळे आले होते, आजार गेला म्हणून नव्हे. लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही औषधे गरोदरपणात अनेक दशके वापरली जात आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती बाळासाठी सुरक्षित मानली जातात. सासऱ्यांची गोळी मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल अशी घरोघरी आढळणारी बीपीची औषधे पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ‘बीपीची गोळी ती बीपीची गोळी’ असे समजून दिलेल्या गोळ्या मी अनेक घरांत पाहिल्या आहेत, आणि देणाऱ्याचा हेतू प्रत्येक वेळी मायेचाच होता.

मीठ तोडण्याचीही गरज नाही. या आजारात अळणी खाल्ल्याने बीपी उतरत नाही. जेवण मात्र कमी होते आणि बाळाचे वजन आधीच कमी राहण्याचा धोका असताना ते परवडणारे नाही. पापड, लोणचे, खारवलेल्या मिरच्या यांचा अतिरेक टाळून भाकरी, डाळ, उसळ, भाजी, दूध, चालत असेल तर अंडे, असे नेहमीच्या चवीचे जेवण द्या. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोनदा जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी त्यांच्यापासून दोन तासांचे अंतर ठेवून द्यावी, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह अंगी लागत नाही.

आता हे बीपी म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ, कारण ते समजले की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सापडतात. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही महिन्यांत वार पिशवीच्या भिंतीत रुजते आणि तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, जेणेकरून बाळाला भरपूर रक्त मिळावे. काही स्त्रियांमध्ये हे रुजणे अपुरे राहते. मग रक्त कमी पडलेल्या वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात. त्यामुळे बीपी वाढते, मूत्रपिंडातून प्रथिने झिरपतात, यकृतावर ताण येतो, रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात आणि सर्वांत वाईट म्हणजे मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात. वीस आठवड्यांनंतर दोन वेगळ्या वेळी बीपी १४०/९० किंवा अधिक भरले आणि सोबत लघवीत प्रथिने दिसली, की या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि झटके आले की एक्लॅम्प्सिया. सूनबाईंची लक्षणे पहिल्या प्रकारात बसतात. हा कोणाच्या खाण्यापिण्याचा, वागण्याचा किंवा ताणाचा दोष नाही. सूनबाईंनी काही चुकीचे केले म्हणून हे झालेले नाही, हे घरात सर्वांना माहीत असावे.

यातून दोन गोष्टी निघतात. गोळी बीपी आवरते आणि आईला मेंदूतल्या रक्तस्रावापासून वाचवते, पण आजाराचे मूळ वारेत आहे, त्यामुळे वार बाहेर आल्याशिवाय तो खऱ्या अर्थाने थांबत नाही. दुसरी गोष्ट अशी की बीपी हे केवळ वरून दिसणारे लक्षण आहे. आत काय चालले आहे ते रक्ताच्या तपासणीतून कळते. म्हणून प्लेटलेट, यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी आठवड्यातून किमान एकदा, बीपी त्याहून वारंवार, आणि बाळाची वाढ व नाळेतला रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा, हे सर्व पुढचे पाच-सहा आठवडे न चुकता झाले पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, पण सूनबाईंना महिन्यातून एकदा पुरेसे नाही.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नसते. बाम लावून न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा धूसर दिसणे, छातीच्या खाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे आणि उलट्या, दम लागणे, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर एकाएकी आलेली सूज, अंगावरून रक्त जाणे, आणि बाळाची हालचाल मंदावणे. यातले बरगडीखालचे दुखणे फार फसवते. घरात त्याला पित्त म्हणतात, लिंबू-सोडा दिला जातो आणि रात्र निघून जाते. पण बीपी असलेल्या गरोदर बाईचे ते दुखणे यकृताला आलेल्या सुजेचे असू शकते. हालचालीसाठी रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजावे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच वेळी निघावे. बीपी १६०/११० वर गेले तर तासाभराच्या आत औषध मिळायला हवे.

आणि दुर्दैवाने झटका आलाच, तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका, बाहेरची बाधा म्हणून वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सोबतच जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन यावर अतिशय प्रभावी आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांवरच्या मॅग्पाय नावाच्या अभ्यासात या औषधाने झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. ते स्वस्त आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून पहिला डोस देऊन पुढे पाठवता येते.

आठव्या महिन्याबद्दल. सातव्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्या भागात इतकी रुजलेली आहे की शिकलेल्या घरांतही ऐकू येते, पण तिला कसलाही आधार नाही. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील तितकी त्याची फुप्फुसे, मेंदू आणि दूध ओढण्याची ताकद वाढते. सातव्यापेक्षा आठवा चांगला आणि आठव्यापेक्षा नववा चांगला, एवढा तो साधा हिशेब आहे. ३४ आठवड्यांनंतर जन्मलेली बहुसंख्य बाळे, नवजात शिशूंची सोय हाताशी असेल तर, नीट वाढतात. त्याआधी बाळंतपण करावे लागण्याची शक्यता दिसली तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांच्या अंतराने देतात, ज्यामुळे बाळाची फुप्फुसे श्वासासाठी लवकर तयार होतात. ती इंजेक्शने सांगितली गेली तर ‘अजून वेळ आहे’ म्हणून टाळू नका.

तुमच्या तारखेवरून हिशेब मांडते. सूनबाईंना २५ जुलैला ३४ आठवडे आणि १५ ऑगस्टला ३७ आठवडे पूर्ण होतील. आजार सौम्य राहिला, रक्ताच्या तपासण्या ठीक राहिल्या आणि बाळ वाढत राहिले, तर साधारणपणे ३७ आठवड्यांपर्यंत थांबून मग बाळंतपण करतात. त्यापलीकडे थांबण्यात बाळाचा फायदा थोडा आणि आईचा धोका जास्त असतो. आजार तीव्र झाला तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत, आणि आईच्या जिवावर बेतले तर त्याआधीही निर्णय घ्यावा लागतो. म्हणजे ५ सप्टेंबर ही तारीख आता मनातून काढून टाका. तुमच्या घरातले बाळंतपण जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीही होऊ शकते, आणि ते कोयना खोऱ्यातल्या ऐन पावसाचे दिवस आहेत.

म्हणूनच, ताई, नॉर्मल की सिझर याआधी बाळंतपण कुठे होणार हे ठरवा. तुमच्या पत्रात याविषयी फक्त माहेर की सासर एवढेच आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. बीपी आणि मागच्या सिझरची खूण, या दोन्ही गोष्टी एरवी शांत असतात आणि बिघडल्या की मिनिटांच्या हिशेबात बिघडतात. त्या वेळी चोवीस तास शस्त्रक्रिया करू शकणारे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेणारा कक्ष हे चारही एकाच ठिकाणी असावे लागतात. आरोग्य केंद्रात किंवा गावच्या लहान दवाखान्यात तिथल्या माणसांनी कितीही मनापासून केले तरी हे चार जमत नाहीत. तुमच्याकडून कराड साध्या दिवशीही जवळ नाही. दरड आली, ओढ्याला पाणी आले की सगळे गणितच बदलते. जुलै २०२१ मध्ये तुमच्याच तालुक्यात आंबेघर आणि मीरगावला दरडी कोसळल्या तेव्हा रस्त्यांचे काय झाले होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कराडला उपजिल्हा रुग्णालय आणि कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे. यांपैकी जिथे या चारही सोयी आज प्रत्यक्ष चालू आहेत याची आशाताईंमार्फत खात्री होईल, तिथे या महिन्यातच नाव नोंदवा आणि तिथलेच डॉक्टर पुढच्या तपासण्याही करतील असे पाहा. ३४ आठवड्यांच्या सुमारास कराडात किंवा साताऱ्यात नातेवाइकांकडे, नाहीतर एखादी खोली घेऊन, सूनबाईंना एका माणसासोबत राहायला ठेवता आले तर फार उत्तम होईल. दिवसांत असलेल्या सुनेला असे ‘परक्या घरी’ ठेवणे लोकांना विचित्र वाटेल, वाटू द्या. जतला पाठवण्याविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की बाळंतपणाआधी पाठवू नये. इतका लांबचा प्रवास, मग नवे डॉक्टर, नव्याने तपासण्या, आणि तिथूनही मिरज-सांगलीची मोठी रुग्णालये दीड-दोन तासांवर. माहेरची माया सूनबाईंना हवी आहे हे मला समजते, म्हणून आईला इकडे बोलावून घ्या. विहीणबाई कराडला सोबत राहिल्या तर तुम्हालाही घरची शेती आणि थोरले नातवंड सांभाळता येईल.

आता खर्चाविषयी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण यांचे पैसे लागत नाहीत; जन्मलेल्या बाळाच्या उपचारांनाही हीच सवलत आहे. त्यासाठी माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असू द्या.

आता नॉर्मलचा प्रश्न. दवाखाने पैशासाठी सिझर करतात, या तुमच्या शंकेला मी रागावणार नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत १०० पैकी सुमारे १४ बाळंतपणे सिझरने झाली, तर खासगीत सुमारे ४७. गुंतागुंतीच्या बाया खासगीकडे जास्त जातात असे म्हणून एवढी तफावत समजावता येत नाही. तरीही या आकड्यांवरून तुमच्या सुनेसाठी काय योग्य, ते ठरत नाही.

एक सिझर झालेल्या आणि नॉर्मलसाठी निवडून प्रयत्न केलेल्या स्त्रियांपैकी १०० मध्ये ७० ते ७५ जणींचे नॉर्मल होते. मागच्या वेळी पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल, सिझर होऊन दीड-दोन वर्षे उलटून गेली असतील आणि मागचे कारण दर वेळी उद्भवणारे नसेल, तर प्रयत्न करणे योग्य ठरते. सूनबाईंच्या बाबतीत चार वर्षांचे अंतर आहे, आणि बाळाने शी करणे हे त्या वेळेपुरते कारण होते. इथपर्यंत बाजू चांगली आहे. धोका एकच, पण मोठा : कळांच्या जोराने जुन्या टाक्यांच्या जागी पिशवी फाटणे. तो साधारण २०० मध्ये एकीला होतो, आणि झाला तर बाळ वाचवायला हाताशी फार थोडा वेळ असतो. म्हणून हा प्रयत्न बाळाचे ठोके सतत पाहता येतील आणि लगेच शस्त्रक्रिया होईल अशाच ठिकाणी करायचा. पोटावरची खूण आडवी आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल असे नाही. ते मागच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड जतला असेल तर आजच फोटो मागवून घ्या. सोनोग्राफीत वार कुठे आहे हेही विचारा. ती खाली, जुन्या छेदावर बसलेली असेल तर पिशवीत खोल रुतण्याची भीती असते. मग नॉर्मलचा विषयच उरत नाही आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच, रक्ताची पूर्ण तयारी करून करावे लागते.

बीपीमुळे यात एक अडचण येते आणि ती मी झाकून ठेवणार नाही. नॉर्मलची सर्वांत चांगली शक्यता कळा आपोआप सुरू झाल्या तर असते. सूनबाईंना कदाचित ३७ आठवड्यांना किंवा त्याआधीच, कळा येण्याची वाट न पाहता, बाळंतपण करावे लागेल. कळा औषधाने आणल्या तर पिशवी फाटण्याचा धोका दोन ते तीन पट होतो, आणि मिसोप्रोस्टॉलसारखी नेहमीची गोळी तर अशा स्त्रीला देतच नाहीत. पिशवीचे तोंड मऊ झालेले असेल, बाळ डोक्याकडून खाली उतरलेले असेल आणि बीपी आटोक्यात असेल, तर फुग्याच्या नळीने तोंड उघडून, सांभाळून प्रयत्न करता येतो. तोंड घट्ट मिटलेले असेल, बाळ पायाळू किंवा आडवे असेल, किंवा बीपी वाढत चालले असेल, तर नियोजित सिझर हाच शहाणा मार्ग आहे. दिवसाउजेडी, रक्त तयार ठेवून, भूलतज्ज्ञ समोर असताना केलेले सिझर आणि रात्री दोन वाजता धावपळीत केलेले सिझर यांत फार मोठे अंतर आहे.

आता शेवटच्या दोन ओळी लिहिणाऱ्या सूनबाईंशी बोलते.

तुम्हाला विचारले गेले नाही, हे चुकले. घाईच्या वेळीही डॉक्टरांनी दोन वाक्ये बोलायला हवी होती. या वेळी घाई होण्याआधीच विचारून घ्या, आणि ते कागदावर लिहून न्या. माझा मागचा छेद कसा होता आणि त्या वेळी पिशवीचे तोंड किती उघडले होते? वार कुठे आहे? माझे प्लेटलेट किती आहेत आणि मला कमरेतून भूल देता येईल का? नॉर्मलचा प्रयत्न केला तर कोणत्या क्षणी तो थांबवाल? वेदना कमी करणारी भूल इथे मिळते का? रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी (पुढच्या बाळांना जपणारे) इंजेक्शन कधी? बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले तर ते याच इमारतीत राहील का, आणि मला त्याला छातीशी धरता येईल का? संमतीचा कागद सही करण्याआधी वाचायला मागा. तो तुमच्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेचा असतो, म्हणून सही तुमची लागते. नवऱ्याची किंवा सासूबाईंची पुरत नाही. कळांच्या वेळी सोबत एक बाई ठेवता येते, सरकारी रुग्णालयातही. ती आई असावी की सासूबाई, हे तुम्हीच ठरवा. तीन डॉक्टरांनी तीन वेगळे शब्द वापरले तरी एवढे विचारल्यावर तुमच्या बाबतीत काय चालले आहे ते तुम्हाला कळेल, आणि निर्णयात तुमचा आवाज राहील.

आणि ताई, बाळ हातात आले की आपण सगळे बाळाकडे वळतो. हा आजार मात्र बाळंतपणाबरोबर त्याच दिवशी संपत नाही. बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा चढते, म्हणजे नेमके रुग्णालयातून घरी आल्यावर. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. म्हणून घरी सोडताना गोळ्या किती दिवस आणि कोणत्या मात्रेत हे लिहून घ्या, पहिल्या आठवड्यात आशाताईंना किंवा सिस्टरना दोनदा तरी बीपी मोजायला बोलवा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. बाळंतिणीचे डोके दुखले तर गार वारा लागला म्हणून कानाला फडके बांधून थांबू नका, बीपी मोजा. जतला पाठवायचे ते ही सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर पाठवा. तोवर बाळही प्रवासाजोगे होईल आणि पाऊसही ओसरलेला असेल.